हौद, अनुसूची आणि पिस्तूल

अनंत चतुर्दशी जवळ आली की पुण्यात ठरलेला प्रश्न निघतो : विसर्जनासाठी खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडणार का? पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला ही चारही धरणं भरलेली असली तर प्रश्न आपोआप मिटतो. पावसाने ओढ दिली असेल, तर मात्र मंडळं, महापालिका, पाटबंधारे खातं आणि पर्यावरणवाले यांची चांगलीच जुंपते. पिण्याचं पाणी मूर्तींसाठी सोडायचं का, असं एक बाजू विचारते. वाहत्या पाण्यातलं विसर्जन ही आमची रीत आहे, असं दुसरी ठणकावते. माझ्या मते हा पुण्यातला सर्वांत चांगला वाद आहे, कारण त्यात दरवर्षी थोडा थोडा निकाल लागत आला आहे.

प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती पाण्यात विरघळत नाही, हे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते घाटावर उभं राहून सांगू लागले तेव्हा त्यांचं स्वागत फुलांनी झालं नव्हतं. निर्माल्य नदीत टाकू नका, विसर्जित मूर्ती आमच्याकडे द्या, असं ते म्हणत. हा धर्मात हस्तक्षेप आहे, म्हणून त्यांना हुसकावून लावणारेही होते. पण पुढच्या वर्षी ते पुन्हा उभे राहत. कालांतराने महापालिकेने नदीकाठी हौद बांधले. मग राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, म्हणजे आपल्या एनसीएलने, अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात मूर्ती घरच्या बादलीत विरघळवण्याची रीत दिली आणि पालिका त्या पावडरीचे पुडे वाटू लागली. मानाच्या गणपतींचं विसर्जनही हौदात होऊ लागलं. पूर्वी ज्यांना हौद हा अपमान वाटे, त्यांच्या घरात आज बादली आहे. आरती तीच, 'पुढच्या वर्षी लवकर या' तेच. श्रद्धेचा एक व्यवहार बदलला आणि त्यासाठी कुणाचं डोकं फुटलं नाही. काही जण अजूनही नदीतच जातात, आणि हौदातल्या पाण्याचं पुढे काय होतं हे विचारणारे खवचट लोकही आहेत. असू देत. वाद जिवंत असल्याची ती खूण आहे.

खडकवासल्याच्या दरवाज्यांतून सुटलेलं पाणी पंधरा-सतरा किलोमीटर वाहून ओंकारेश्वराशी पोहोचतं. तिथल्या पुलाला महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचं नाव आहे. १९०६ मध्ये डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढून अस्पृश्यतेविरुद्ध आयुष्य वेचणारे, आणि तरीही अखेरपर्यंत ईश्वरनिष्ठ राहिलेले शिंदे. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी सव्वासातच्या सुमाराला याच पुलावर अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर फिरायला निघाले असताना मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ते ६७ वर्षांचे होते. घर साताऱ्यात, पण 'साधना' साप्ताहिकाच्या संपादनासाठी आठवड्यातले काही दिवस पुण्यात असत. मूळचे डॉक्टर आणि नावाजलेले कबड्डीपटू. मुलाचं नाव त्यांनी हमीद ठेवलं, ते मुस्लिम समाजातल्या सुधारणेसाठी झगडणाऱ्या हमीद दलवाईंच्या आठवणीने.

दाभोलकर देवाधर्माच्या विरोधात होते, असं त्यांचे विरोधक सांगत. ते स्वतः नास्तिक होते, हे खरं. पण देव मानण्याच्या हक्काला आमचा विरोध नाही, देवाच्या नावावर होणाऱ्या लुबाडणुकीला आहे, हे त्यांनी हजारो सभांत सांगितलं होतं. पटो न पटो, भूमिका स्पष्ट होती आणि तिच्याशी भांडता येत होतं. लोक भांडलेही, आणि त्या भांडणाचा लेखी पुरावा कायद्याच्या पुस्तकात आहे.

तो पुरावा वाचण्यासारखा आहे. जादूटोण्याविरुद्ध कायद्याची मागणी करणारा अशासकीय ठराव विधान परिषदेत १९९५ मध्ये आला. तिथून प्रत्यक्ष कायदा व्हायला अठरा वर्षं लागली. मसुदे झाले, अडले, पुन्हा मांडले गेले. 'अंधश्रद्धा' म्हणजे काय, याची व्याख्या कुणालाच मान्य होईना, तेव्हा व्याख्या करण्याचा नादच सोडून देण्यात आला. त्याऐवजी नेमकी कृत्यं मोजून सांगायची ठरली. वारकऱ्यांना धास्ती होती की उद्या एखादा फौजदार दिंडी अडवेल, कीर्तनकाराला चौकीवर नेईल. धास्ती अवाजवी असेल, पण खोटी नव्हती. आपल्याकडच्या फौजदारांचा अनुभव असलेला कोणीही तिला हसणार नाही. म्हणून कायद्यात अपवादांचं कलम आलं : प्रदक्षिणा, यात्रा, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही. अनुसूचीत शेवटी बारा प्रकार उरले. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, नरबळी, साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणं, बोटाने शस्त्रक्रिया करतो म्हणणं, अंगात दैवी शक्ती असल्याचं भासवून बायकांचं शोषण करणं, अशी कृत्यं. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत.

त्या अनुसूचीत आणि अपवादांत ओळीओळीला कुणाचा तरी आक्षेप आहे. काही ओळी दाभोलकरांच्या मूळ मागणीपेक्षा बऱ्याच मवाळ आहेत. त्यांनी ती घट सोसली, कारण विरोधकाला काहीतरी दिल्याशिवाय कायदा होत नाही हे त्यांना कळत होतं. कट्टर बुद्धिवाद्यांनी त्यांना त्यासाठी बोलही लावले. एका बाजूने धर्मबुडवा आणि दुसऱ्या बाजूने तडजोडवादी, असं त्यांचं दुहेरी स्वागत चालू होतं. लोकशाहीत काम करणाऱ्या माणसाची जागा बहुधा तीच असते.

या अठरा वर्षांच्या भांडणात एक बाजू मात्र कधी नीट आलीच नाही. तिला अपवादाचं कलम नको होतं, दुरुस्तीही नको होती. तिला माणूस नको होता.

राजकीय खून रागाच्या भरात होतो, अशी आपली समजूत असते. बहुतेकदा तसं नसतं. रागाच्या भरात होतात त्या हाणामाऱ्या. विचारांसाठी केलेल्या खुनाला टेहळणी लागते, वाहन लागतं, पळण्याचा रस्ता लागतो, आणि त्याआधी मनाची तयारी लागते. ज्याला मारायचं तो आधी बोलण्यातून माणूस म्हणून वजा व्हावा लागतो. तो कीड होतो, राक्षस होतो, धर्मावरचं किंवा देशावरचं संकट होतो. मग त्याला मारणं हा गुन्हा न वाटता स्वसंरक्षण वाटू लागतं. अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने या प्रक्रियेचा बारकाईने अभ्यास केला. सदसद्विवेक असलेली माणसं तो बाजूला ठेवून क्रूर कसं वागू शकतात, हे त्याला समजून घ्यायचं होतं. त्याच्या मांडणीत भाषेला फार महत्त्व आहे. सौम्य शब्दांनी कृत्य झाकलं जातं, कठोर शब्दांनी बळी माणसांतून उठवला जातो. अशा खुनाचं लक्ष्यही मेलेला माणूस नसतो. लक्ष्य असतात त्याच्यासारखं बोलू पाहणारे, उद्या व्याख्यानाचं निमंत्रण आल्यावर घरच्यांच्या चेहऱ्याकडे बघणारे.

पुण्याला हे सगळं नवं नाही, आणि इथे जरा अभिमान आणि जरा शरम अशी दोन्ही पानं उलटावी लागतात. महात्मा फुल्यांना मारण्यासाठी १८५६ मध्ये दोन मारेकरी घरात शिरले होते, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. फुले जागे झाले आणि त्यांच्याशी बोलले. त्या दोघांतला धोंडिराम नामदेव कुंभार पुढे त्यांचा अनुयायी आणि सत्यशोधक पंडित झाला. गोपाळ गणेश आगरकरांची तर ते जिवंत असतानाच प्रेतयात्रा काढली गेली. हे हिडीस होतं, पण तिरडीवर पुतळा होता. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसारख्या मातब्बरांवर ग्रामण्य आलं, धर्मपीठापुढे सुनावण्या झाल्या, प्रायश्चित्तं घेतली गेली. आज ते वाचून हसू येतं. पण श्रद्धेच्या भांडणाला तिथे एक कार्यपद्धती होती. दोन्ही बाजू शास्त्रार्थ करत, वकील देत, आणि शेवटी कुणी प्रायश्चित्त घेऊन तर कुणी न घेता आपापल्या घरी जाई.

त्याच दशकात पारडं फिरलं. १८९५ च्या पुणे काँग्रेसच्या वेळी सामाजिक परिषद त्याच मांडवात भरवू देणार नाही, असं विरोधकांनी ठणकावलं, आणि रानड्यांना ती दुसरीकडे न्यावी लागली. मग प्लेग आला. गोरे सोजीर तपासणीच्या नावाखाली घराघरांत, स्वयंपाकघरात, देवघरात घुसले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत प्लेग अधिकारी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. चापेकर बंधूंकडे आपण स्वातंत्र्याच्या लढ्यातले हुतात्मे म्हणून बघतो आणि परकी जुलमी सत्तेविरुद्धचा तो उठाव होता, यात शंका नाही. तरी दामोदर चापेकरांनी तुरुंगात लिहिलेल्या आत्मवृत्तात सुधारकांवरच्या हल्ल्यांचीही हकिकत आहे, हे आपण सहसा सांगत नाही. तोच हात दोन्हीकडे उठला होता. पुढे २५ जून १९३४ ला अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर आलेल्या गांधीजींच्या स्वागताच्या वेळी पुणे नगरपालिकेपाशी बाँब पडला. त्यांच्या मोटारीऐवजी दुसऱ्याच मोटारीला लागला म्हणून ते वाचले. चौदा वर्षांनी दिल्लीत ते वाचले नाहीत, आणि मारणारा पुण्यातला संपादक होता. त्यानंतर सातारा, सांगली, कोल्हापूरकडे ज्या ब्राह्मणांची घरं जळली, त्यांतल्या बहुतेकांनी मारेकऱ्याचं नाव पहिल्यांदा त्याच आठवड्यात ऐकलं असेल. एकाच्या गुन्ह्यासाठी जमातीला जबाबदार धरणं ही राजकीय हिंसेची दुसरी पायरी, आणि ती पहिलीइतकीच जुनी आहे.

खडकवासल्याच्या पलीकडच्या काठावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. नेहरूंनी १९४९ मध्ये तिची कोनशिला बसवली. देशभरातली, सगळ्या धर्मांची पोरं तिथे एका मेसमध्ये जेवतात. लष्कराचा आणि श्रद्धेचा संबंध किती नाजूक असतो, हे पुण्याने १० ऑगस्ट १९८६ ला पाहिलं. निवृत्त लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य कॅम्पातून खरेदी करून पत्नीसह घरी परतत होते. दोन युद्धांत दोन महावीर चक्रं मिळवलेला माणूस स्वतःच गाडी चालवत होता. मोटारसायकलवरून आलेल्यांनी त्यांना गोळ्या घातल्या. कारण १९८४ चं ऑपरेशन ब्लू स्टार, सुवर्णमंदिरात लष्कर शिरलं तेव्हा वैद्य प्रमुख होते. मारेकरी सुखदेवसिंग आणि हरजिंदरसिंग यांना ९ ऑक्टोबर १९९२ ला येरवड्यात फाशी झाली. काही संघटना त्यांना शहीद मानतात. सुवर्णमंदिरात जे घडलं त्याने लाखो शीख मनांना जखम झाली, हे नाकारता येणार नाही. पण ती जखम घेऊन कोर्टात, संसदेत, वर्तमानपत्रांत, गुरुद्वारात जाणारे लाखो होते. मोटारसायकलवर बसणारे दोन-चार.

आता अमेरिका. सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांमध्ये ज्यांचा मुलगा, सून किंवा भाची तिकडे नाही अशी घरं शोधावी लागतील. म्हणून तिथली बातमी खडकवासल्याच्या चौपाटीवर भाजलेल्या कणसाइतकी गरम पोहोचते. १३ जुलै २०२४ ला पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावी ट्रम्प यांच्या कानाला गोळी चाटून गेली. देवानेच आपल्याला वाचवलं, असं ते नंतर म्हणत राहिले. १३ एप्रिल २०२५ ला, ज्यूंच्या पासओव्हर सणाच्या रात्री, त्याच राज्याचे ज्यू गव्हर्नर जॉश शापिरो यांच्या निवासस्थानाला आग लावण्यात आली. १४ जूनला मिनेसोटात डेमोक्रॅट नेत्या मेलिसा हॉर्टमन आणि त्यांच्या पतीला घरात घुसून मारलं गेलं. १० सप्टेंबरला युटातल्या एका विद्यापीठात उजव्या विचारांचा प्रचारक चार्ली कर्क मारला गेला.

कर्कची बहुतेक मतं मला पटत नाहीत. ख्रिस्ती श्रद्धा आणि सत्ता यांची त्याने घातलेली मोट तर अजिबात नाही. पण तो तंबू ठोकून बसला होता, 'मी चुकतोय हे सिद्ध करा' असं आव्हान देऊन, आणि समोरच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला उत्तर देत असताना गोळी आली. त्याच्या वादात खरा वाद किती आणि व्हिडिओसाठीचा तमाशा किती, हा प्रश्न विचारायला हरकत नाही. आता तो त्याला विचारता येणार नाही. श्रद्धा माणसाला कुठे नेते, हेही त्याच्या शोकसभेत एकाच दिवशी दिसलं. पत्नी एरिकाने आपल्या धर्माचा हवाला देऊन आरोपीला क्षमा केल्याचं सांगितलं. नंतर बोलायला उभे राहिलेले अध्यक्ष ट्रम्प म्हणाले की आपल्याला विरोधकांचा द्वेष वाटतो.

खुनाची खरी फळं दुसऱ्या दिवसापासून येतात. कर्कबद्दल वावगं लिहिलं म्हणून कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. जिमी किमेल या विनोदी निवेदकाचा कार्यक्रम काही दिवस बंद ठेवला गेला. काही परदेशी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. विद्यार्थी व्हिसासाठी समाजमाध्यमांवरची खाती सर्वांना खुली ठेवण्याची अट त्याआधी जूनमध्येच आली होती. त्यामुळे इकडचे आईबाप फोनवर सांगू लागले, 'बाळा, तू काही लिहू नकोस.' गोळी झाडणाऱ्याला अभिप्रेत नसतानाही हे घडतं. तोंडं मिटतात, आणि ती नेमकी समंजस माणसांची आधी मिटतात. बेताल माणसाला भीती उशिरा वाटते.

अमेरिकी संशोधकांच्या कामातली एक गोष्ट मला आपल्याकडेही लागू वाटते. दोन्ही पक्षांच्या समर्थकांना विचारलं की, समोरच्या पक्षातल्या किती लोकांना हिंसा मान्य असेल? लोकांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा कितीतरी जास्त निघतो. स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये दाखवलं की खरा आकडा सांगितला, तर उत्तर देणाऱ्याचा स्वतःचा हिंसेला असलेला पाठिंबाही उतरतो. म्हणजे 'ते आपल्याला मारायला टपलेत' ही समजूत हेच इंधन असतं. घरच्या व्हॉट्सअॅप गटात रोज सकाळी सुप्रभातच्या फुलाखाली येणारा मजकूर वाचला की हे इंधन कुठून पुरवलं जातं ते कळतं. तिथे कोणी कोणाला मारा म्हणत नाही. 'ते' काय करणार आहेत, एवढंच सांगतात.

पुण्याचं आणि मिनेसोटाचं नातं तर आणखी जुनं आहे. तिथल्या मॅकॅलेस्टर कॉलेजमधले प्राध्यापक जेम्स लेन यांनी शिवाजी महाराजांवर लिहिलेलं पुस्तक २००३ मध्ये आलं. त्यातल्या एका मजकुराने महाराष्ट्र भडकला, आणि तो मजकूर बेजबाबदार होता असं अनेक जाणकारांनी तेव्हाच म्हटलं. प्रकाशकाने पुस्तक मागे घेतलं. तरीही ऋणनिर्देशात नाव असल्याच्या कारणाने संस्कृतचे अभ्यासक श्रीकांत बहुलकर यांच्या तोंडाला काळं फासलं गेलं, आणि ५ जानेवारी २००४ ला संभाजी ब्रिगेडच्या जमावाने भांडारकर संस्थेत घुसून कपाटं, पोथ्या, ग्रंथ यांची नासधूस केली. शिवचरित्राला वाहून घेतलेल्या गजानन मेहेंदळेंनी निषेध म्हणून स्वतःच्याच हस्तलिखिताची पानं फाडली. त्या पानांचं जे नुकसान झालं, ते लेनच्या पुस्तकाने झालेलं नव्हतं. सरकारने पुस्तकावर बंदी घातली. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये ती उठवली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो निर्णय कायम ठेवला. तेव्हा कोणी मेलं नाही म्हणून आपण ते प्रकरण विसरलो. पण दाभोलकरांच्या पुलाकडे जाणाऱ्या वाटेवर हे एक ठिकाण लागतं, असं मला वाटतं. वादाचं उत्तर हाताने देता येतं आणि फारसं काही बिघडत नाही, हे तिथे शिकवलं गेलं.

दाभोलकरांच्या खुनाचा तपास पुणे पोलिसांकडून २०१४ मध्ये सीबीआयकडे गेला. समितीचे कार्यकर्ते दर महिन्याच्या वीस तारखेला पुलावर जमत राहिले. दरम्यान १६ फेब्रुवारी २०१५ ला कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमा यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. पानसरे चार दिवसांनी गेले. त्यांची 'शिवाजी कोण होता?' ही पुस्तिका त्यानंतर पूर्वीपेक्षा अधिक हातांत गेली. ३० ऑगस्टला धारवाडमध्ये कन्नड अभ्यासक एम. एम. कलबुर्गी. ५ सप्टेंबर २०१७ ला बंगळुरूत पत्रकार गौरी लंकेश. लंकेश प्रकरणात कर्नाटकच्या पोलिसांनी लावलेल्या तपासातून आणि नालासोपाऱ्यात सापडलेल्या शस्त्रसाठ्यातून धागे पुण्यापर्यंत आले. १० मे २०२४ ला विशेष न्यायालयाने सचिन अंदुरे आणि शरद कळसकर यांना जन्मठेप दिली, तिघांना पुराव्याअभावी निर्दोष सोडलं, आणि सूत्रधार वेगळाच असून त्याच्यापर्यंत तपासयंत्रणा पोहोचू शकल्या नाहीत, असे ताशेरे ओढले. जवळपास अकरा वर्षं. वैद्यांच्या मारेकऱ्यांचा गुन्हा, अपील आणि फाशी हे सगळं सहा वर्षांत उरकलं होतं. जनरल आणि साप्ताहिकाचा संपादक यांच्या जिवाची राज्याला वाटणारी निकड सारखी नसते, असा निष्कर्ष कुणी काढला तर त्याला अडवणं कठीण आहे.

मारणाऱ्यांना जे हवं होतं ते मात्र मिळालं नाही. खुनाच्या दुसऱ्याच दिवशी, २१ ऑगस्ट २०१३ ला, मंत्रिमंडळाने अठरा वर्षं रखडलेल्या कायद्याचा अध्यादेश मंजूर केला आणि डिसेंबरात नागपूर अधिवेशनात कायदा झाला. यात समाधान मानावं असं काही नाही. जो कायदा वाद घालून होतच आला होता, तो खुनामुळे झाला असं म्हणणं म्हणजे पिस्तुलाला नको तो मान देणं आहे. वारकऱ्यांशी झालेल्या बैठका, मागे घेतलेली कलमं, पुन्हा लिहिलेले मसुदे यांवाचून त्या दिवशी मंत्रिमंडळापुढे मंजूर करायला कागदच नसता.

कर्नाटकनेही नोव्हेंबर २०१७ मध्ये, गौरी लंकेश यांच्या खुनानंतर दोन महिन्यांनी, असाच कायदा केला. विधेयक बेळगावच्या अधिवेशनात आलं. तिथेही आधी काही वर्षं हीच रस्सीखेच चालली होती : मठांचे आक्षेप, पुरोगाम्यांची नाराजी, मंत्र्यांची चालढकल. शेवटी ज्योतिष आणि वास्तू वगळली गेली, प्रदक्षिणा-कीर्तनाला अपवाद मिळाला, आणि ब्राह्मणांच्या उष्ट्या पत्रावळींवर लोळण्याचं मडेस्नान बंदीच्या यादीत राहिलं. ज्योतिष का सोडलं, म्हणून तिथले बुद्धिवादी अजूनही सरकारशी भांडत असतात.